मी कमळ गटात होतो



या वेळी बाईंनी सगळ्यांना निबंधाचे विषय दिले. कोणी 'माझा आवडता प्राणी' घेतला. कोणी 'आमच्या गावची मंडई' घेतला. मंडईवर तर तिघांनी लिहिले आहे, ते शेजारीच लावलेले आहे. मला 'पावसाळ्यातील एक दिवस' आला होता. मी बाईंना म्हटले, मला दुसरेच लिहायचे आहे, मी वाचायला कसा शिकलो ते. बाई म्हणाल्या, "अरे, हे भिंतीवर लागणार. सगळे गाव वाचेल. चालेल ना तुला?" मी म्हटले, "चालते. सगळ्यांना माहीतच हाये."

कारण तिसरीत असताना मला वाचता येत नव्हते, हे आमच्या टोलीतल्या लहानमोठ्या सर्वांना माहीत झाले होते. ते कसे माहीत झाले तेच मी लिहितो. हा निबंध लिहायला मला पाच दिवस लागले. जोडाक्षरे बाईंनी तपासली आहेत. वाक्ये माझी आहेत.

आमची शाळा भंडारा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एक कडुनिंब. दोनच शिक्षक. गुरुजी पहिली-दुसरीला शिकवतात आणि बाई तिसरी-चौथीला. गुरुजींना मीटिंग असली की चारही वर्ग एका खोलीत बसतात आणि मग फार गोंगाट होतो.

आता मी चौथीत आहे. मी अंगणवाडीत जाण्याच्या वयात कोरोना आला. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. अंगणवाडीही बंद झाली. ताई घरी खाऊ आणून द्यायच्या, पण बसून गाणी म्हणणे, रेघोट्या ओढणे हे काही झाले नाही. मी आजीबरोबर शेळ्या चारायला जात होतो. मला ते फार आवडायचे. जून २०२२ च्या शेवटी मी पहिलीत आलो. (आमच्या विदर्भात ऊन फार, म्हणून शाळा जूनच्या शेवटी उघडते.) पहिल्या दिवशी मला पाटीवर गोल काढता आला नाही. शेळी मात्र काढता आली.

माझी मोठी बहीण तेव्हा चौथीत होती. ती घरी माझे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची. मला एकदा ऐकले की पाठ होते. अजूनही होते. मंडईतल्या दंडारीचे बोल मी एका रात्रीत पाठ केले होते. तर मी पुस्तक पाठ केले. कोणत्या पानावर कोणते चित्र आहे ते पाहायचे, बोट ओळीखाली सरकवायचे आणि धडाधड म्हणायचे. गुरुजी म्हणायचे, "शाब्बास!" मला वाटायचे, यालाच वाचणे म्हणतात. खरेच सांगतो, पहिलीत मी लबाडी करत नव्हतो. सगळे असेच करतात असे मला वाटत होते.

दुसरीत मला कळले की बाकीची मुले काहीतरी वेगळे करतात. त्यांना नवीन गोष्टीचे पुस्तक दिले तरी वाचता येते. मला येत नव्हते. तेव्हापासून माझी लबाडी सुरू झाली. त्या वर्षी पुस्तकातच मधेमधे वहीची कोरी पाने जोडलेली होती, तुम्हाला आठवत असेल. त्या पानांवर शब्द लिहायचे होते. मी बैल काढले. एका पानावर बैल, एका पानावर बंडी, एका पानावर आमची बोडी आणि तिच्यात बसलेली म्हैस. गुरुजींनी पाहिले तर मी म्हणायचो, "घरी लिहितो."

मागच्या आठवड्यात मी गुरुजींना याबद्दल विचारले. म्हटले, गुरुजी, तुम्हाला कळले नव्हते का? गुरुजी थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नाही कळले. दोन वर्ग, तेवीस पोरं. तू न अडता म्हणायचास म्हणून मी जो अडतो त्याच्याकडे जायचो. तुझ्याकडे बघायचे राहून गेले." गुरुजींनी हे लिहायला परवानगी दिली आहे.

तिसरीत बाई आल्या. बाई सातारा जिल्ह्यातल्या आहेत. त्यांचे बोलणे आमच्यापेक्षा वेगळे आहे. पहिल्या महिन्यात बाईंनी एकेकाला व्हरांड्यात बोलावून वाचायला लावले. माझ्या पोटात गोळा आला. पण बाईंनी काय केले, तर दुसरीचेच पुस्तक दिले. ते मला पूर्ण पाठ होते! मी घडाघड म्हटले. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली. मी सुटलो.

आता आजीची गोष्ट सांगतो.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे रोवणा चालतो. आई, आजी, शेजारच्या बाया सगळ्या दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात. आजीच्या पायांना चिखलाने फार खाज सुटली. दवाखान्यातून तिला खाजेच्या गोळ्या दिल्या. रक्तदाबाच्या गोळ्या तिला आधीपासून होत्या. आशाताईंनी दोन कागदी पुड्या केल्या आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. एकीवर 'सकाळी' आणि एकीवर 'संध्याकाळी'. आजीला वाचता येत नाही. आई पहाटेच रोवण्याला निघून गेलेली. ताई सहावीला दुसऱ्या गावच्या शाळेत लवकर जायची. आजीने मला विचारले, "बाबू, सकारची पुडी कोनती रे?"

मी दोन्ही पुड्या हातात घेतल्या. दोन्हीवर पहिले अक्षर स. दोन्हीच्या शेवटी ळी. मला बाकीचे काही येत नव्हते. 'येत नाही' म्हटले असते तर झाले असते. पण आजी सगळ्यांना सांगत होती की माझा नातू तिसरीत हाये. मी एक पुडी दिली. म्हटले, "हे सकाळची."

तीन दिवस आजीने उलट्या गोळ्या घेतल्या. खाजेची गोळी झोप आणते, म्हणून ती संध्याकाळी घ्यायची होती. ती आजी सकाळी घेऊन बांधीत जायची. तिसऱ्या दिवशी आजी धुऱ्यावर बसली ती तिथेच कलंडली. बाया धावल्या. पाणी मारले. आजी म्हणाली, "मले चक्कर आली वो, डोरे मिटून येतेत." आशाताई आल्या, त्यांनी पुड्या तपासल्या आणि त्यांना लगेच कळले. आजीला तशी फार इजा झाली नाही, दोन दिवस घरी झोपून राहिली. पण धुऱ्याच्या पलीकडे बोडी होती. आई तेच पुन्हा पुन्हा बोलत होती, "तिकडे पडली असती तं?"

आईला वाटले मी खेळण्याच्या नादात लक्ष दिले नाही. आईने मला पाठीत दोन धपाटे घातले. मी काही बोललो नाही. धपाटे बरे वाटले. 'वाचता येत नाही' असे सांगण्यापेक्षा बरे वाटले.

रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दोन रिकाम्या पुड्या खिशात घालून शाळेत नेल्या. मधल्या सुटीत खिचडी झाल्यावर बाई एकट्या बसल्या होत्या. मी पुड्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, "बाई, यावर काय लिहिले आहे?" बाई म्हणाल्या, "तूच वाच की." मी गप्प उभा राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग पुड्यांकडे पाहिले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्यांची वही काढली आणि माझ्या नावापुढची बरोबरची खूण खोडली. मग फळ्यावर पाच शब्द लिहिले, पुस्तकातलेच, पण चित्राशिवाय आणि उलटसुलट. मला एकही आला नाही. अक्षरे विचारली तर सोळा आली.

बाई म्हणाल्या, "तुमच्याच पुस्तकातून तपासले, ही माझी चूक झाली." मोठ्या माणसाने माझ्यासमोर 'माझी चूक' असे म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना पुन्हा तपासले, या वेळी स्वतः लिहिलेल्या कार्डांवर. आमच्या दोन वर्गांत मिळून एकोणीस मुले-मुली होती. त्यांत मी एकटा नव्हतो. अक्षरांवर अडकलेले पाच निघालो! तीन शब्दांपर्यंत येणारे, सहा वाक्य वाचणारे, आणि पाच जण उतारा वाचून उत्तर देणारे. बाई म्हणाल्या, एकोणीस पोरांना मी एकच धडा एकाच वेगाने शिकवत होते, तो फक्त पाच जणांना पोहोचत होता.

मग बाईंनी तीन प्रकारचे काम सुरू केले. मी बाईंना विचारून ते नीट समजून घेतले आहे.

पहिले काम सगळ्यांबरोबर. सकाळी परिपाठानंतर बाई एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि मग सगळ्यांनी त्यावर गप्पा मारायच्या. यात वाचता येण्या-न येण्याचा प्रश्नच नव्हता. मी यात पुढे असायचो. नंतर त्याच गोष्टीतले चार-पाच शब्द फळ्यावर यायचे. अक्षरे शिकवताना बाई अ आ इ ई अशा ओळीने गेल्या नाहीत. आधी थोडी अक्षरे आणि काना घेतला, की लगेच त्यांचे शब्द करायचे. म, क, ल आणि काना आला की काका, मामा, काम, माल, कमल असे किती तरी होतात. मला हे बरे वाटले, कारण नुसती अक्षरे माझ्या डोक्यात राहत नाहीत.

दुसरे काम गटांचे. दुपारी एक तास बाई जमिनीवर खडूने चार मोठे गोल काढायच्या आणि आम्ही आपापल्या गोलात बसायचो. कोणाला वाईट वाटू नये म्हणून बाईंनी गटांना फुलांची नावे दिली. आम्ही अक्षरवाले पाच जण कमळ गट. पण मित्रांनो, फुलांची नावे देऊन काही उपयोग होत नाही. कमळ म्हणजे ढ, हे दोन दिवसांत सगळ्या शाळेला कळले. पाण्याच्या टाकीजवळ मला 'ए कमळ्या' म्हणून हाक मारू लागले. जो सगळ्यात जास्त म्हणायचा, त्यानेच या भित्तीपत्रकाची मथळ्याची अक्षरे काढली आहेत. आता तो माझा मित्र आहे, पण तेव्हा मी त्याची चप्पल कडुनिंबावर फेकली होती.

बाईंच्या कानावर हे गेले. त्यांनी कोणाला मारले नाही. त्यांनी गणिताचीही अशीच तपासणी केली आणि गणिताचे वेगळे गट पाडले. आता गंमत बघा. मला हिशेब येतो. शेळ्या मोजणे, शिंगाडे तोलणे, बाजारात पैसे परत घेणे हे मी लहानपणापासून करतो. गणितात मी गुणाकाराच्या गटात गेलो आणि मला कमळ्या म्हणणारा बसला वजाबाकीच्या गोलात! हातच्याची वजाबाकी त्याला येत नव्हती. बाईंनी मलाच त्याला शिकवायला बसवले. मी त्याला काड्या देऊन शिकवले. त्यानंतर कमळ्या म्हणणे हळूहळू बंद झाले. एकदम नाही.

गटात सगळे सुरळीत चालायचे असे मात्र समजू नका. बाई एक आणि गोल चार. बाई आमच्या गोलात आल्या की उतारा गट खुसपुसायचा आणि शब्द गटात कार्डांची ओढाओढ व्हायची. एकदा दोन कार्डे फाटली. बाईंना प्रशिक्षणाला बोलावले की चार-चार दिवस गट बसायचेच नाहीत. मग बाईंनी चौथीच्या दोन मुलींना अक्षर गटाजवळ बसवायला सुरुवात केली. त्या बाईंपेक्षा कडक होत्या!

आता बोलीबद्दल सांगतो. आम्ही घरी 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो. पुस्तकात 'पाणी', 'लोणी' असते. आम्ही डोळ्याला 'डोरा' म्हणतो. मी पाणी वाचताना 'पानी' म्हणायचो, तर गटातल्या चौथीच्या मुली 'चूक' म्हणायच्या. मला कळायचे नाही, पाण्याला पानी नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? एके दिवशी बाईंनी ऐकले. त्या म्हणाल्या, "तो चुकत नाही. तो घरची बोली वाचतो आहे. आधी वाचू द्या, ण नंतर सांगू." आणि मग त्यांनी आम्हाला विचारले, तुमच्याकडच्या वस्तूंची नावे सांगा. आम्ही सांगितली, बोडी, बांधी, पऱ्हे, धुरा, सांदवाडी, तुतारी. बाईंना निम्मे शब्द माहीत नव्हते. तुतारी म्हणजे त्यांना वाजवायची वाटली. आम्ही म्हटले, बाई, बैल हाकायची! सगळे खूप हसले. बाई म्हणाल्या, "मी तुमच्या बोलीच्या कमळ गटात आहे." त्या शब्दांची कार्डे झाली. मी आयुष्यात पाठ न करता वाचलेला पहिला शब्द 'बोडी' हा आहे. ब ला काना-मात्रा बो, ड ला दुसरी वेलांटी डी. मी दोनदा वाचला. मग बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

तिसरे काम एकेकाचे. दीडेक महिन्याने बाईंनी पुन्हा तपासले. कमळ गटातले आम्ही तिघे शब्द गटात गेलो. दोघे राहिले. एक मुलगी आणि माझा एक मित्र. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण त्याने 'नको लिहू' म्हणून सांगितले आहे.

त्या मुलीचे काय झाले ते ऐका. शाळा तपासणीचे डॉक्टर आले, त्यांनी तक्त्यावरची अक्षरे दुरून वाचायला लावली. तिला अक्षरे येत नाहीत म्हणून डॉक्टरांनी बोटांनी दिशा दाखवायला सांगितले, तर तेही जमेना. तिला फळाच दिसत नव्हता! ती तीन वर्षे मागच्या रांगेत बसून अंदाजाने लिहीत होती. तिला चष्मा मिळाला. चष्मा लावून ती पहिल्यांदा बाहेर आली आणि कडुनिंबाकडे बघत बसली. म्हणाली, पाने वेगवेगळी दिसतात. दिवाळीनंतर ती माझ्याही पुढे गेली.

माझ्या मित्राचे डोळे चांगले आहेत. कानही चांगले आहेत. झाडावर बसलेला पक्षी आवाजावरून ओळखतो. मासे धरण्यात त्याच्यासारखा कोणी नाही. पण अक्षर आज येते आणि उद्या जाते. ब आणि व त्याला सारखेच दिसतात. बाई रोज शाळा भरायच्या आधी वीस मिनिटे त्याच्याबरोबर व्हरांड्यात बसायच्या. फक्त दोघेच. सुपात धानाचा कोंडा पसरायचा आणि त्यात बोटाने अक्षर काढायचे, काढताना मोठ्याने म्हणायचे. दिवसाला एकच अक्षर. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षकही येऊन त्याला पाहून गेले. त्यांनी बाईंना सांगितले, काही मुलांच्या डोक्यात अक्षर बसायला फार वेळ लागतो, तो आळस नाही. २०१६ च्या कायद्यातही ही अडचण लिहिलेली आहे. त्याच्या बाबांना हे खरे वाटले नाही. ते म्हणाले, "दोन ठेवून देजा, येईल बराबर." बाईंनी ठेवून दिल्या नाहीत. बाई त्याच्या घरी तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी बाबांसमोर त्याला कोंड्यात 'मासा' लिहायला लावले. त्याने लिहिले. बाबा उठून बाहेर गेले आणि चहाला दूध घेऊन आले.

मी बाईंना विचारले, तुम्ही एका मुलासाठी एवढे का करता? बाईंनी एक गोष्ट सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली. बाई नोकरीला लागल्या त्या पहिल्या शाळेत एक शांत मुलगा होता. कधी त्रास द्यायचा नाही, गैरहजर राहायचा नाही. बाईंनी त्याला चार वर्षे शिकवले आणि पाचवीला पाठवून दिले. पुढे काही वर्षांनी तो बाईंना एस.टी. स्टँडवर भेटला. पाया पडला. मग बसच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "बाई, ही कुठली गाडी?" बाई म्हणाल्या, "मी त्याला गाडीत बसवले आणि माझी गाडी सोडून दिली. तासभर तिथेच बसून राहिले."

गुरुजींनी परिपाठात एकदा सांगितले की असे गट करणे काही आमच्याच शाळेत निघालेले नाही. मुंबईत 'प्रथम' नावाची संस्था आहे. त्यांनी मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत तिसरी-चौथीच्या मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवण्यासाठी जवळपासच्याच शिकलेल्या मुली नेमल्या. त्यांना 'बालसखी' म्हणत. २००१ ते २००३ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती झालेली दिसली, मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डफलो यांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा. नोबेलवाल्या माणसांनी आमच्यासारख्या तिसरी-चौथीच्या पोरांना बसून तपासले, हे ऐकून मला गंमत वाटली. गुरुजींनी पुढचेही सांगितले. बालसखी थांबल्यावर वर्षभराने पाहिले तर झालेली प्रगती बरीच कमी झाली होती. म्हणून बाई मे महिन्याच्या सुटीतही आम्हाला गोष्टींची पुस्तके घरी देतात. माझ्या एका पुस्तकाचे कव्हर शेळीने खाल्ले. ते मी भरून देणार आहे.

शेळ्यांवरून आठवले. मी शेळ्यांमुळे शाळा बुडवायचो म्हणून बाईंनी मला कोसबाडची गोष्ट सांगितली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे चारायला जायची, तर शाळाच कुरणात जायची. मी बाईंना म्हटले, आपणही करू. बाई म्हणाल्या, चौथीचा अभ्यास संपला तर बघू. म्हणजे नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी निपुण महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला. त्यातही कोणाला अक्षर, शब्द, वाक्य, उतारा काय काय येते ते बघायचे होते. बाई म्हणाल्या, आपले तर आधीच चालू आहे. मी उतारा वाचला. बोट ठेवून वाचला आणि 'व्यवस्था' या शब्दाला अडलो. चार प्रश्नांपैकी तीन आले.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आजीला पुड्यांचे खरे सांगितले. आजीला म्हटले, मी खेळत नव्हतो, मला वाचताच येत नव्हते. आजी म्हणाली, "मले ठाऊक होतं बाबू. तू पुडी उलटी धरली होती." मग मी विचारले, तरी गोळी काहून घेतली? आजी म्हणाली, "तू देल्ली म्हणून."

आईला मी सांगितलेले नाही. आई २६ जानेवारीला हे वाचेल.

मी अजून हळू वाचतो. जोडाक्षर आले की थांबतो. माझ्या आधी निबंध वाचून झालेली मुले खिडकीतून बाहेर बघत बसतात, ते मला दिसते. माझा मित्र आता दोन-तीन अक्षरांचे शब्द वाचतो. दिवाळीनंतर त्याचे आईबाबा वीटभट्टीवर गेले. तो या वर्षी गेला नाही, त्याच्या आजीजवळ राहिला आहे. सकाळचा सुपातला अभ्यास अजून चालू आहे. आईबाबांनो, तो भेटला तर त्याला पाटी दाखवून 'हे वाच बरं' असे म्हणू नका. मासे कुठे लागले ते विचारा. खूप सांगेल.

माझ्या निबंधाच्या खाली कोपऱ्यात जाड अक्षरांत तीन ओळी आहेत. त्या त्याने लिहिल्या आहेत. 'मी मासे धरतो. मला बोडी आवडते. हे मी लिवले.' मी त्याला शेवटच्या शब्दातली चूक दाखवली, तर तो म्हणाला, "हात नको लावू. माझी हाये." बाईंनी ती तशीच चिकटवली.

इयत्ता ४ थी